शाळेला चालतो तो आकडा बाजाराला का चालत नाही? बेळगाव सीमाभागातून खुले पत्र

प्रति,
मा. मुख्यमंत्री, कर्नाटक राज्य,
महसूल खाते (आपत्ती व्यवस्थापन) आणि बेळगाव जिल्हा प्रशासन

विषय : शनिवार-रविवारची संचारबंदी आणि सीमेवरील ७२ तासांच्या कोरोना-चाचणी दाखल्याची अट

बेळगाव, २५ ऑगस्ट २०२१

महोदय,

परवा सोमवारी, २३ ऑगस्टला, जिल्ह्यातले नववी ते बारावीचे वर्ग सुरू झाले. कोरोनाच्या चाचण्यांमध्ये बाधित निघण्याचे प्रमाण २ टक्क्यांच्या आत असेल त्याच जिल्ह्यात वर्ग भरवायचे, हा निकष आपणच ठरवलेला आहे. बेळगाव त्यात बसले, म्हणून मुले पालकांचे संमतिपत्र घेऊन शाळेत गेली. त्याच बेळगावात येत्या शुक्रवारी रात्री ९ पासून सोमवारी पहाटे ५ पर्यंत पुन्हा संचारबंदी लागणार आहे, कारण जिल्ह्याची हद्द महाराष्ट्राला लागून आहे. शाळेला एक माप आणि बाजाराला दुसरे, हे आमच्या समजुतीपलीकडचे आहे. निर्बंध कोणत्या आकड्यावर लागतील आणि कोणत्या आकड्यावर उठतील ते लिहून जाहीर करा, आणि शाळेसाठी जो आकडा पुरेसा मानला तोच दुकानाला, शेतमालाच्या सौद्याला (लिलावाला) आणि सीमेवरच्या नाक्यालाही लावा, एवढेच मागण्यासाठी हे पत्र आहे.

हे लिहिणारे आम्ही या भागातले अडते, भाजीपाला पिकवणारे, किरकोळ व्यापारी, मूर्तिकार, यंत्रमागधारक आणि वाहनचालक आहोत. एप्रिल-मेमध्ये ऑक्सिजनसाठी लोक दवाखान्यांच्या दारात ताटकळत होते, तेव्हा बाजार बंद ठेवण्याबद्दल आमच्यातल्या कुणीही तक्रार केली नाही. करू नये असाच तो काळ होता. तेव्हाची परिस्थिती आणि आजची परिस्थिती एकच धरून नियम लावले जातात, याचे मात्र दुःख आहे.

घटनाक्रम आपल्या दप्तरात आहेच, तरी एका जागी मांडतो. १० मे रोजी कडक लॉकडाउन लागला. १४ जूनला राज्यातले बरेच जिल्हे उघडले, तेव्हा बाधितांचे प्रमाण जास्त असलेल्या ११ जिल्ह्यांत बेळगाव होते, म्हणून आणखी एक आठवडा थांबलो. २१ जूनला जिल्हा ५ टक्क्यांच्या आतल्या गटात आला आणि दुकाने संध्याकाळी ५ पर्यंत उघडली. ५ जुलैपासून शनिवार-रविवारची संचारबंदी उठली. पुढे जुलैच्या शेवटच्या पंधरवड्यात महापूर आला, महामार्ग पाण्याखाली गेला, त्यात जे नुकसान झाले ते वेगळेच. मग ६ ऑगस्टच्या आदेशाने आठ सीमावर्ती जिल्ह्यांत शनिवार-रविवार पुन्हा बंद झाला : महाराष्ट्राच्या बाजूने बेळगाव, विजापूर, कलबुर्गी, बिदर आणि केरळच्या बाजूने दक्षिण कन्नड, कोडगू, म्हैसूर, चामराजनगर.

६ ऑगस्टला तसे करण्यामागे कारण होते, हे आम्ही मान्य करतो. महाराष्ट्राने २ ऑगस्टला सवलती दिल्या तेव्हा ११ जिल्हे वगळले होते आणि त्यांत कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्ग हे आमचे तिन्ही शेजारी होते. पण १५ ऑगस्टपासून महाराष्ट्राने दुकानांना रात्री १० पर्यंत मुभा दिली. ज्यांच्या भीतीने आम्ही बंद आहोत त्यांची बाजारपेठ रविवारीही उघडी आहे. आदेशात लागू करण्याची तारीख होती, उठवण्याची अट नव्हती. त्यामुळे कारण बदलले तरी आदेश तसाच पुढे चालू राहिला आहे.

आता जिल्ह्याच्या नकाशाकडे बघा. २०११ च्या जनगणनेत ४७ लाख ७९ हजार वस्तीचा आणि १३,४०० चौरस किलोमीटरहून मोठा हा जिल्हा आहे. रामदुर्ग आणि सौंदत्ती तालुक्यांची हद्द महाराष्ट्राला कुठेच लागत नाही. रामदुर्गचा शेजार बदामीचा आणि नरगुंदचा. तरी तेथला कापड दुकानदार शनिवारी शटर ओढतो, आणि पलीकडे बागलकोट जिल्ह्यात दुकाने उघडी असतात. कित्तूरहून धारवाड तीसेक किलोमीटर. धारवाड जिल्ह्याला शनिवार-रविवार मोकळा आहे. मुडलगी, रायबागच्या गिऱ्हाइकाला महालिंगपूर, तेरदाळ जवळ पडते. परिणाम असा होतो की गिऱ्हाईक घरी बसत नाही, दुसऱ्या जिल्ह्यात जाते आणि तेही भरलेल्या वडापमधून (शेअर जीपमधून), काचा लावून. म्हणजे संचार कमी व्हावा म्हणून केलेल्या नियमामुळे माणसे जास्त लांब आणि जास्त दाटीने फिरतात.

गर्दीचा हिशेबही कागदावर मांडून पाहावा अशी विनंती आहे. कापड, भांडी, चपला, मोबाइल, टेलरिंग या दुकानांची सात दिवसांची गिऱ्हाइकी पाच दिवसांत आली की रोजची गर्दी ७ भागिले ५, म्हणजे १.४ पट होते, ४० टक्क्यांनी वाढते. खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली आधीच अरुंद. तिथे सोमवारी आणि शुक्रवारी दुपारनंतर चालायला जागा नसते. किराणा, भाजी, फळे, दूध, मांस-मासळीला शनिवार-रविवारी पहाटे ५ ते दुपारी २ अशी मुभा आहे. इतर दिवशी ५ ते रात्री ९, म्हणजे १६ तास. सुट्टीच्या दिवशी ९ तास. पण पहाटे ५ ते ८ या वेळात किराणा घ्यायला कोण येतो? प्रत्यक्षात हातात राहतात सहा तास, आणि शेवटच्या एका तासात, १ ते २ मध्ये, काउंटरपुढे माणसाला माणूस चिकटतो. हे थांबवायला पोलीस उभे करून काही होत नाही. तास वाढवले की गर्दी आपोआप पातळ होते.

भाजीच्या सौद्याकडे जरा जवळून पाहा. नियम करताना हीच बाजू सुटते. कडोली, उचगाव, बेळगुंदीकडचा शेतकरी आदल्या संध्याकाळी कोथिंबीर, मेथी उपटतो. मुळांची माती झाडतो, पेंढ्या बांधतो, पाण्याचा हबका मारून ओल्या गोणपाटात उभ्या रचतो. रात्री दोन-तीनच्या सुमाराला निघतो, कारण पहाटेच्या सौद्याला माल समोर दिसला तरच बोली लागते. गोव्याच्या गाड्या सकाळी सातच्या आत भरून चोर्ला घाटाला लागल्या तर दहा-अकराच्या सुमाराला माल तिकडच्या बाजारात उतरतो. एक तास उशीर झाला की गोव्याचा खरेदीदार भाव पाडतो, दोन तास झाले की घेतच नाही. ओली पेंढी दाबून भरलेल्या पोत्यात राहिली तर आतून तापते. आठ-दहा तासांत मधली पाने पिवळी पडतात, मग चिकट काळी होतात. बाहेरून पोते हिरवे दिसते आणि उघडल्यावर निम्मे टाकावे लागते.

रात्री ९ ते पहाटे ५ या संचारबंदीतून मालवाहतुकीला सूट आहे. पण नाक्यावरच्या माणसाच्या डोळ्यापुढे मालवाहतूक म्हणजे ट्रक किंवा टेम्पो असतो. दुचाकीवर मागे दोन पोती बांधून येणारा शेतकरी त्यात बसत नाही. त्याला अडवतात, चौकशी करतात, कधी परत पाठवतात, आणि त्याची चूक नसताना त्याचा सौदा हुकतो. यावर उपाय सोपा आहे. अडत्याने दिलेली मागच्या सौद्याची पट्टी (विक्रीची पावती) किंवा जमिनीचा उतारा, यांपैकी एक कागद आणि गाडीवर दिसणारा माल, एवढ्यावर दुचाकीलाही मालवाहू वाहन समजावे, असे एक वाक्य आदेशात घाला आणि ते प्रत्येक नाक्यावर चिकटवा. तोंडी सांगितलेले पाळी बदलली की विसरले जाते.

दुपारी २ च्या मर्यादेचा फटका पुन्हा शेतकऱ्यालाच बसतो. किरकोळ विक्रेता सकाळी सातला माल उचलतो आणि आठ-नऊला हातगाडी लावतो. त्याला पाच तास मिळणार असतील तर तो नेहमीच्या निम्माच माल घेतो. उरला तर रात्रभर ठेवायला त्याच्याकडे थंड जागा नसते. सौद्यात घेणारे हात कमी झाले की भाव कोसळतो. गिऱ्हाइकाला मात्र स्वस्त मिळत नाही, कारण विक्रेता पाच तासांत दिवसाची मजुरी काढू पाहतो. मे महिन्यात जाहीर झालेल्या मदतीत फेरीवाल्याला २,००० रुपये होते. १० मे ते २१ जून या ४२ दिवसांवर ती रक्कम वाटली तर दिवसाला ४८ रुपयेही येत नाहीत. मदत दिली त्याबद्दल आभार आहेत, पण हातगाडीवाल्याला मदतीपेक्षा जास्त उपयोग आहे तो शनिवारच्या आणि रविवारच्या संध्याकाळचा.

केशकर्तनालये, खानावळी, छायाचित्रकार, मंडप आणि वाजंत्रीवाले, या सगळ्यांचा धंदा सुट्टीच्या दिवसांवर उभा आहे. त्यांच्याबद्दल वेगळे लिहीत नाही, कारण त्यांचे म्हणणे याहून निराळे नाही.

गणपतीबद्दल मात्र लिहिलेच पाहिजे, कारण वेळ फार थोडा उरला आहे. चतुर्थी १० सप्टेंबरला आहे. मधे दोनच शनिवार-रविवार आहेत : २८-२९ ऑगस्ट आणि ४-५ सप्टेंबर. घरगुती मूर्ती पसंत करायला कुटुंबे सुट्टीच्या दिवशी येतात, पसंत मूर्तीच्या पाटावर नावाची चिठ्ठी लावून जातात आणि चतुर्थीला किंवा आदल्या दिवशी घेऊन जातात. ही पसंती लांबत गेली की सगळी माणसे ८ आणि ९ सप्टेंबरला एकदम येणार. मूर्तिकाराच्या चाळीस-पन्नास माणसे मावणाऱ्या शेडमध्ये दोन दिवसांत सगळा गाव आला तर अंतर कसे राखणार? दुसरी अडचण कामाची आहे. शाडूची मूर्ती पावसाळी हवेत वाळायला आठ-दहा दिवस घेते. घाईने शेगडीची धग दिली तर गळ्याशी आणि सोंडेच्या वळणाला भेगा जातात. ओलसर मूर्तीवर रंग चढवला तर पापुद्रे सुटतात. म्हणजे किती मूर्ती लागणार याचा अंदाज मूर्तिकाराला या आठवड्यातच यायला हवा. मूर्तीची उंची, मंडपाचा आकार, मिरवणूक याबद्दलचे नियमही चतुर्थीला चार दिवस उरले असताना काढू नका. तोवर मूर्ती घडून गेलेली असते आणि तयार मूर्ती कापून लहान करता येत नाही.

मागच्या रविवारी, २२ ऑगस्टला, राखी पौर्णिमा होती. या भागात बहीण महाराष्ट्रातल्या चंदगडला आणि भाऊ बेळगावात, किंवा बहीण इकडे निपाणीला आणि माहेर महाराष्ट्रातल्या कागलला, ही घरोघरची गोष्ट आहे. तिथूनच सीमेच्या नाक्याचा विषय सुरू होतो.

महाराष्ट्रातून येणाऱ्या प्रत्येकाकडे ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर निगेटिव्ह अहवाल हवा, लशीचे दोन्ही डोस झाले असले तरी हवा, असा जुलैअखेरचा आदेश आहे. बंगळूरला विमानाने येणाऱ्यासाठी तो एकदाचा प्रश्न असतो. चंदगड तालुक्यातल्या शिनोळीहून बेळगावला येणाऱ्यासाठी तो रोजचा आहे. शिनोळी बेळगावपासून वीस किलोमीटरच्या आत, आणि आपल्याच जिल्ह्याचे ठिकाण कोल्हापूर त्यांना शंभराच्या घरात. चंदगड तालुक्याचा दवाखाना, बाजार, कॉलेज, कोर्टाबाहेरचा टायपिस्टसुद्धा बेळगावात. उलट शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला इकडची माणसे जातात आणि संध्याकाळी परत येताना तीही महाराष्ट्रातून आलेली ठरतात.

७२ तासांचे गणित असे. सोमवारी सकाळी १० ला घशाचा नमुना दिला. अहवाल मंगळवारी संध्याकाळी ६ ला आला, तर ३२ तास गेले. उरले ४० तास, म्हणजे गुरुवारी सकाळी १० पर्यंत. अहवाल तोपर्यंत हातात यायचा तर पुढचा नमुना मंगळवारी रात्री किंवा बुधवारी पहाटे द्यायला हवा. प्रयोगशाळेत गर्दी असेल आणि अहवालाला ४८ तास लागले तर हातात एकच दिवस उरतो. आठवड्याचे सहा दिवस ये-जा करणाऱ्याला दोन ते तीन चाचण्या लागतात. महाराष्ट्रात प्रयोगशाळेत जाऊन केलेल्या चाचणीचा दर ५०० रुपये आहे. आठवड्याला १,००० ते १,५०० रुपये रोजंदारीवरचा माणूस कुठून आणणार? तो मग बाचीच्या नाक्यावर येतच नाही. तुरमुरी, कुद्रेमानी, बेकिनकेरेच्या शिवारातून पाणंदीने येतो. कोगनोळीलाही तेच, कागवाडलाही तेच. मुख्य रस्त्यावर नियम पाळणारा अडतो आणि आडरस्त्याने येणाऱ्याची कसलीच नोंद होत नाही. साथ आटोक्यात ठेवायची असेल तर ही नोंदच सगळ्यांत मोलाची, आणि नेमकी तीच आपण गमावतो आहोत.

अहवालाच्या मर्यादाही लक्षात घ्याव्यात. संसर्ग झाल्यापासून पहिले दोन-तीन दिवस चाचणीत बहुधा काही दिसत नाही, म्हणून तीन दिवसांपूर्वीचा निगेटिव्ह कागद आजच्या प्रकृतीची हमी देत नाही. आणि बरा झालेला माणूस काही आठवडे पॉझिटिव्ह दिसू शकतो, जरी त्याच्यापासून कुणाला धोका नसला तरी. त्यात पावसाळा. नाक्यावर बस थांबते, प्रवासी उतरून एका पत्र्याखाली कागद हातात धरून दाटीने उभे राहतात. उघड्या बाजारात भाजी घेताना जेवढा धोका आहे त्याहून जास्त त्या पत्र्याखाली आहे.

आपल्याच सीमाविषयक सूचनांमध्ये एक चांगली तरतूद आहे : शिक्षण, व्यवसाय अशा कामांसाठी रोज ये-जा करणाऱ्यांनी १५ दिवसांतून एकदा चाचणी करावी. ती कागदावरून नाक्यावर उतरलेली नाही, कारण रोज येणारा कोण हे ओळखायचे साधन नाही. एक जाड कागदाचे कार्ड पुरेल. त्यावर नाव, गाव, कामाचे ठिकाण, कोणत्या नाक्याने येणार, शेवटच्या चाचणीची तारीख, पुढच्या चाचणीची तारीख आणि आरोग्य केंद्राचा शिक्का. दर पंधरवड्याला कार्डाचा रंग बदलला तर नाक्यावरच्या पोलिसाला तारीख वाचायचीही गरज नाही, लांबून रंग दिसतो. नमुने नाक्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ठरलेल्या दोन दिवशी घ्यावेत.

यासाठी चाचण्या कमी पडतील असे कुणी म्हणेल. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) पाच जणांपर्यंतचे नमुने एकत्र तपासायची पद्धत २०२० च्या एप्रिलमध्येच मान्य केली आहे, आणि ती बाधितांचे प्रमाण २ टक्क्यांच्या आत असते तिथेच सगळ्यांत उपयोगी पडते. हिशेब करून पाहा. १०० जणांचे पाच-पाचाचे २० गट. २ टक्के प्रमाणाला त्यातले साधारण दोन गट पॉझिटिव्ह येतील. त्या दोन गटांतल्या १० जणांची पुन्हा स्वतंत्र चाचणी करायची. १०० ऐवजी ३० चाचण्यांत काम होते. आयसीएमआरचीच संस्था बेळगावात आहे आणि तिथे कोरोना चाचण्या होतात, त्यामुळे हे शिकवायला बाहेरून कुणाला बोलवावे लागणार नाही.

दोन प्रकारची माणसे या कार्डाचीही वाट पाहू शकत नाहीत. एक, डायलिसिसचे रुग्ण. आठवड्यातून दोनदा, काहींना तीनदा यावेच लागते, आणि बरोबर एक माणूस असतो. तीन फेऱ्यांना एक अहवाल पुरत नाही. तातडीच्या वैद्यकीय उपचाराला सूट आहे, पण ठरलेल्या वारी येणारा, आपल्या पायांनी गाडीतून उतरणारा रुग्ण नाक्यावर तातडीचा वाटत नाही. रुग्णालयाने महिन्याचे वेळापत्रक लिहून शिक्का मारून द्यावा आणि तोच रुग्णाचा व सोबत्याचा पास धरावा. दुसरे, माणकापूर-बोरगाव भागातले यंत्रमाग. इथल्या मागांचा ताणा इचलकरंजीच्या सायझिंगमधून येतो. सुताला खळ देऊन बीमवर गुंडाळले की ते बीम लवकर मागावर चढावे लागते. पावसाळ्यात पडून राहिले तर खळ ओल धरते, सूत चिकटते, बुरशीही लागते, आणि माग चालू केला की घडीघडीला धागे तुटतात. बीमची गाडी येऊ शकते, पण माग बिघडला तर दुरुस्तीला येणारा जॉबर दुचाकीवर येतो आणि त्याला अहवाल मागतात. एक जॉबर अडला की मागाबरोबर कांडी भरणारी बाईही घरी बसते.

आता आकड्याबद्दल. बाधितांची टक्केवारी हे एकटे माप फसवू शकते, आणि ते आमच्या सोयीचे असले तरी आम्ही हे सांगतो. १,००० चाचण्यांत ३० बाधित निघाले तर ३ टक्के. पुढच्या आठवड्यात शिबिरे लावून ३,००० चाचण्या केल्या आणि ४५ निघाले तर दीड टक्का. टक्केवारी निम्म्यावर आली, रुग्ण मात्र दीडपट झाले. म्हणून तीन आकडे एकत्र द्या : सात दिवसांची सरासरी टक्केवारी, लाख वस्तीमागे किती चाचण्या, आणि ऑक्सिजनच्या खाटांपैकी किती भरल्या. हे तालुकावार द्या. नाक्यावर घेतलेल्या प्रवाशांच्या चाचण्या वेगळ्या दाखवा, त्या तालुक्याच्या हिशेबात मिसळू नका. दर बुधवारी संध्याकाळी ठरलेल्या वेळी जाहीर करा. ज्या तालुक्यात सलग दोन आठवडे प्रमाण २ टक्क्यांखाली आणि खाटा रिकाम्या, तिथे शनिवार-रविवार मोकळा. दोन आठवडे अशासाठी, की संसर्ग झाल्यापासून रुग्णालयात दाखल होईपर्यंत साधारण तेवढा काळ जातो, त्याच्या आत खाटांवर परिणाम दिसत नाही. ज्या तालुक्यात ५ टक्क्यांवर गेले, तिथे आणि तिथेच निर्बंध लावा. आमच्या तालुक्यात तशी वेळ आली तर आम्ही स्वतः दुकाने बंद करू. अथणीत रुग्ण वाढले म्हणून खानापूर बंद, असे नको.

लसीकरणासाठी शनिवारचा उपयोग करून घ्या. बेळगावच्या मार्केट यार्डात बुधवारी आणि शनिवारी कांदा-बटाट्याचा सौदा असतो. हमाल, तोलारे, गाडीवाले, शेतकरी एकाच आवारात असतात. कोविशिल्डच्या एका कुपीत १० डोस असतात आणि कुपी उघडली की चार तासांत संपवावी लागते. गावात आठच माणसे आली तर परिचारिकेला कुपी उघडावी की नको हा पेच पडतो. यार्डात तो पडणारच नाही. सकाळी ९ ते दुपारी १ असे एक टेबल नोंदणीला, एक लस टोचायला आणि लस घेतलेल्यांना अर्धा तास बसायला लिलावाची एक मोकळी शेड, एवढे पुरे. पहिल्या डोसनंतर ८४ दिवसांनी दुसरा, तोही त्याच यार्डात. नोंदणीचे काम आणि जागा अडते पाहतील.

३ सप्टेंबरला बेळगाव महापालिकेची निवडणूक आहे. ५८ प्रभागांत मतदान केंद्रे लागतील, रांगेसाठी वर्तुळे आखली जातील, आत-बाहेर जायचे मार्ग वेगळे केले जातील. निवडणूक व्हायलाच हवी. तीच वर्तुळे आणि तेच वेगळे मार्ग गणपत गल्लीत आणि रविवार पेठेत आखून द्यावेत. खर्च व्यापारी करतील, आखणी तेवढी प्रशासनाने करून द्यावी.

आणखी एक, लहान वाटेल पण रोजच्या भांडणाचे मूळ तेच आहे. आदेश कन्नड आणि इंग्रजीत निघतात. एखाद्या तालुक्यात १५ टक्के किंवा अधिक लोक दुसरी भाषा बोलत असतील तर महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही द्याव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांसाठी मान्य झालेले तत्त्व आहे. साथीच्या काळात तर तो आरोग्याचाच भाग आहे. काय सुरू, काय बंद, कुणाला सूट, कोणता कागद लागतो, हे एका पानावर मराठीतही छापून नाक्यांवर, ग्रामपंचायतींत आणि यार्डाच्या दारात लावा. सूट माहीत नसलेला माणूस नाक्यावर हुज्जत घालतो, आणि पोलिसालाही ती नीट माहीत नसेल तर मागची रांग वाढत जाते.

शेवटी वेळेबद्दल. येत्या शनिवारचा, २८ ऑगस्टचा निर्णय काहीही असो, तो उद्या गुरुवारी दुपारपर्यंत कळवा. शनिवारच्या सौद्यासाठी बटाटा गुरुवारी-शुक्रवारी जमिनीतून निघतो. काढल्यावर तो सावलीत पसरून वरची ओल जाऊ द्यावी लागते, मग मोठा, मध्यम, गोळी अशी निवड होते, पोती भरली जातात आणि शुक्रवारी रात्री गाडी लागते. ओला बटाटा तसाच पोत्यात भरून थप्पी लावली तर चार-पाच दिवसांत एका सडक्या बटाट्याचे पाणी खालच्या सगळ्या पोत्यांत झिरपते. आदेश शुक्रवारी संध्याकाळी आला तर माल काढून झालेला असतो, घेणारे येणार नाहीत हे तेव्हा कळते, आणि पुढचा सौदा बुधवारी असतो. गुरुवारी कळले तर शेतकरी बटाट्याच्या त्या ओळी आणखी चार दिवस जमिनीतच ठेवेल.

आपले,
बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागातील अडते, शेतकरी, किरकोळ व्यापारी, मूर्तिकार, यंत्रमागधारक आणि वाहनचालक